मालदीवचं ऑल-इन्क्लुसिव्ह रिसॉर्ट: मुलाबाळांना आणि आजी-आजोबांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तारकर्लीला किंवा गुहागरला गेलं की जेवणाची चिंता नसते. राहायच्या ठिकाणचं नाही आवडलं तर चार घरं सोडून कुणाकडे तरी सोलकढी आणि तळलेले मासे मिळतात, आणि मुलांना अवेळी भूक लागली तर नाक्यावर वडापाव असतो. मालदीवमध्ये ही सोय नाही. तिथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून पद्धत हीच आहे. बरीच बेटं तर अर्ध्या तासात चालून संपतात, आणि त्या फेरीत दुसरं हॉटेल, किराणा दुकान, औषधांचं दुकान यांतलं काहीच लागत नाही. पाण्याच्या बाटलीपासून मुलाच्या दुधापर्यंत सगळं एकाच ठिकाणाहून घ्यायचं आणि त्यांच्याच भावाने घ्यायचं.

म्हणूनच जेवणखाण, पेयं आणि बाकीच्या सोयी एका रकमेत आधीच भरून टाकणारा ऑल-इन्क्लुसिव्ह प्लॅन तिथे इतका चालतो. पण त्या 'ऑल'मध्ये नेमकं काय काय येतं हे प्रत्येक रिसॉर्ट आपापलं ठरवतं. बेटावर पोहोचल्यावर निवडायला फारसं काही उरत नाही, त्यामुळे खरं काम घरी बसून, पैसे भरण्याआधी करायचं असतं.

बहुतेक जण पाण्यावरच्या लाकडी व्हिलाचा फोटो बघतात आणि तिथून मागे मागे येत सहल ठरवतात. कुटुंबासाठी माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी तारखा, मग विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास, मग त्या बेटाभोवतीचा समुद्र, मग जेवणाचा प्लॅन, आणि खोली सगळ्यांत शेवटी.

तारखा

मालदीवमध्ये दोन मोसम. साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा, त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र सर्वांत शांत. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे आपलाच पावसाळा, फक्त तिथे थोडा आधी पोहोचलेला. पाऊस येतो तो बहुधा जोरदार सरीने येतो आणि उघडतो, पण कधी दोन-दोन दिवस आभाळ भरलेलंही राहतं. वारा असतो आणि बोट आपटते.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या उन्हाळ्यात आणि दिवाळीत. मेमध्ये दर उतरलेले असतात, त्यामुळे पावसाची जोखीम मान्य असेल तर चांगलं रिसॉर्ट आवाक्यात येतं. शक्य असेल तर परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्येच निघा. दिवाळीत मोसम बदलत असतो, हवा बरी असण्याची शक्यता वाढते आणि दरही अजून शिखरावर गेलेले नसतात. २० डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा मात्र शक्यतो टाळा. दर चढतात, किमान इतक्या रात्री राहिलंच पाहिजे अशी अट येते, आणि नाताळच्या व नववर्षाच्या रात्रीच्या 'गाला डिनर'चे पैसे सक्तीने वेगळे लागतात, बरेचदा ऑल-इन्क्लुसिव्ह घेतलं असलं तरीही.

पावसाळ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) हनिफारू उपसागरात मांटा रे नावाचे प्रचंड मासे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खायला जमतात ते याच महिन्यांत, साधारण जून ते नोव्हेंबर. २०११ पासून बा अटॉल युनेस्कोचं जैवावरण क्षेत्र आहे. मुलं मोठी असतील आणि पोहता येत असेल, तर मुद्दाम पावसाळ्यात जाण्यासारखी ही एक जागा आहे.

चार रात्री घ्या. पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासातच जातो, म्हणजे तीन रात्रींत हातात दोनच दिवस पूर्ण राहतात.

विमानतळापासून बेटापर्यंत

मुंबईहून राजधानी मालेला थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येतं. घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं. काही रिसॉर्ट्स स्वतःची वेळ मालेपेक्षा तासभर पुढे ठेवतात, म्हणजे संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो, तेव्हा परतीच्या बोटीची वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते विचारून घ्या.

वेलाना विमानतळ हे स्वतःच एक बेट आहे. दाराबाहेर पडलं की समोर धक्का आणि बोटी. तिथून तीन मार्ग: स्पीडबोट, सीप्लेन (पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान), किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट.

सीप्लेन फक्त उजेडात उडतात. मुंबईचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर मालेत उतरत असेल, तर त्या दिवशी सीप्लेन मिळेल हे धरून चालू नका. मग एक रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते, तिचा खर्च वेगळा, आणि रिसॉर्टमधली भरलेली एक रात्र वाया. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी रिसॉर्टला वेळ कळवून विचारा. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं मोठ्या माणसाला साधारण ४०० ते ६०० डॉलरच्या घरात असतं आणि जाहिरातीतल्या खोलीच्या दरात ते बरेचदा धरलेलं नसतं. घरातली पाच माणसं निघाली तर हा आकडा खोलीच्या भाड्याशी स्पर्धा करतो. सामान बहुधा माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो.

विमान लहान असतं, सुमारे पंधरा माणसांचं, पंख्यांचा आवाज कान भरून टाकणारा, वैमानिक अनवाणी. वरून प्रवाळ बेटांची कडी दिसतात, निळ्यात फिकट निळं, आणि ते दृश्य खरोखर पैसे वसूल करणारं आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आजींना त्या अरुंद शिडीवरून चढवणं आणि लाउंजमध्ये दोन-दोन तास ताटकळत ठेवणं याचाही विचार करा.

लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील, पहिलीच खेप असेल, तर उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमधलं, स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासात गाठता येणारं बेट घ्या. काही दुखलंखुपलं तर माले शहर जवळ राहतं. तिथलं मोठं सरकारी रुग्णालय, इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल, भारताच्या मदतीने उभं राहिलं आणि १९९५ पासून सुरू आहे. स्पीडबोटीत पुढचा भाग लाटेवर आपटतो, तेव्हा पाठीचा त्रास असलेल्यांनी मागच्या बाजूला बसावं. घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्पीडबोटीचं ठरवू नका. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

बेटाभोवतीचा समुद्र बघून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सहलीची मजा सर्वांत जास्त हिच्यावर अवलंबून असते.

नकाशाच्या ॲपमध्ये रिसॉर्टचं नाव टाका, उपग्रहाचं चित्र लावा आणि बेट मोठं करून बघा. किनाऱ्यालगत फिकट हिरवट-निळा रुंद पट्टा दिसतो ते लगून, म्हणजे उथळ, संथ, वाळूच्या तळाचं पाणी. पुढे जिथे रंग एकदम गडद होतो ती प्रवाळाची कडा. ही कडा किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर असेल, तर पायऱ्यांवरून उतरून, काचेचा चष्मा लावून तुम्ही स्वतःच्या स्वतः मासे बघू शकता. याला 'हाउस रीफ' म्हणतात. कडा किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर दूर असेल तर मासे बघायला दर वेळी बोट लागणार, आणि बोट म्हणजे बहुतेकदा वेगळे पैसे.

लहान मुलांना लगून हवं, मोठ्यांना हाउस रीफ हवी. एका बाजूला रुंद लगून आणि दुसऱ्या बाजूला जवळ आलेली कडा, असं बेट सापडलं तर कुटुंबासाठी त्याहून चांगलं काही नाही. अशी बेटं आहेत, अर्धा तास नकाशा चाळला की सापडतात.

त्याच चित्रात किनाऱ्याची धूपही दिसते. वाळूच्या पिशव्या रचलेल्या, दगडी बांध घातलेले, एका बाजूला वाळूच नाही, असं काही बेटांवर असतं. वारा बदलला की वाळू बेटाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकते, ते नैसर्गिकच आहे. प्रवाळाचं मात्र दुखणं खोल आहे. पाणी तापल्यामुळे १९९८ आणि २०१६ साली तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडून मेलं, २०२४ मध्येही फटका बसला. कुठे ते पुन्हा वाढतंय, कुठे अजून करडे सांगाडे आहेत. म्हणून रिसॉर्टच्या जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा आणि गेल्या सहा महिन्यांत राहून आलेल्या पाहुण्यांनी पाण्याखाली काढलेले फोटो शोधा.

प्लॅन: इथे थांबून नीट वाचा

चार प्रकार सगळीकडे दिसतील. बेड अँड ब्रेकफास्ट म्हणजे फक्त नाश्ता. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं खाणं, पण पेयं बहुधा वेगळी, कधी कधी पिण्याचं पाणीसुद्धा. ऑल-इन्क्लुसिव्ह म्हणजे तिन्ही वेळचं खाणं, ठरावीक पेयं, आणि वर जे काही त्या रिसॉर्टने लिहिलं असेल ते. नाश्त्यावरचा दर स्वस्त दिसला म्हणून कुटुंबाने तो घेऊ नये. दुपारी मुलांना साधा पिझ्झा मागवायचा तरी मेनूकार्डातल्या किमतींकडे बघत बसावं लागतं.

त्या किमतींना शेपूट असतं. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं, १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन वस्तू-सेवा कर वेगळा. हा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. म्हणजे १२ डॉलरचा रस बिलात १५ डॉलर ४४ सेंट होतो. शिवाय ग्रीन टॅक्स: रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर, जानेवारी २०२५ पासून. दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. चार जण चार रात्री राहिले तर १९२ डॉलर फक्त याचेच. तुमच्या दरात हे सगळं धरलंय का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न दारूचा, आणि तो मोकळेपणाने घरात बोलून घ्यावा. ऑल-इन्क्लुसिव्हच्या किमतीत मोठा वाटा मद्याचा असतो. समजा फुल बोर्ड आणि ऑल-इन्क्लुसिव्ह यांत मोठ्या माणसामागे दिवसाला ६० डॉलरचा फरक आहे. नवरा-बायको दोघांचे चार दिवसांचे झाले ४८०. आता फुल बोर्ड घेऊन सगळ्यांना मिळून दिवसाला सहा साधी पेयं लागली, प्रत्येकी ८ डॉलर धरली, तर करांसकट दिवसाचे सुमारे ६२, चार दिवसांचे २४७. न पिणाऱ्या घराला फुल बोर्डच परवडलं. पण दोघांनी रोज दोन-दोन कॉकटेल घेतली, एक १६ डॉलरचं, तर दिवसाला आणखी ८२ डॉलर चढतात आणि एकूण जातं पावणेसहाशेच्या वर. मग ऑल-इन्क्लुसिव्हच बरं. तुमच्या रिसॉर्टचे खरे आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडा. काही ठिकाणी मद्य वगळलेला सर्वसमावेशक प्लॅनही मिळतो, पण तो विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि एक नियम बहुतेक ठिकाणी असतो: एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांनी एकच प्लॅन घ्यायचा. बाबा ऑल-इन्क्लुसिव्ह आणि आजोबा फुल बोर्ड असं चालत नाही.

प्लॅनच्या पानावर तारांकित बारीक अक्षरं असतात, ती मोठी करून वाचा. पेयं कोणत्या बारमध्ये आणि किती वाजेपर्यंत? खोलीतला फ्रिज रोज भरून देतात की एकदाच? बुफे सोडून बाकीची रेस्टॉरंट्स धरली आहेत, की तिथे फक्त काही टक्के सूट आहे? स्नॉर्केलिंगचं, म्हणजे चष्मा-नळी लावून पाण्याखालचं बघण्याचं, साहित्य फुकट की भाड्याने? एखादी बोटीची सफर समाविष्ट आहे का, असेल तर मोठ्यांसाठीच की मुलांसाठीही? जेट-स्की, पॅरासेलिंग अशी इंजिनाची मजा जवळपास कधीच धरलेली नसते. कपडे धुणं आणि स्पाही नाही.

शेवटच्या दिवसाबद्दल तर हमखास विचारा. प्लॅन साधारण दुपारी दोनला सुरू होतो आणि निघायच्या दिवशी बाराला संपतो. तुमची बोट संध्याकाळी पाचची असेल तर दुपारचं जेवण कुणाच्या खात्यात? बरीच रिसॉर्ट्स विनंती केल्यावर ते जेवण धरून देतात, पण ते आधी लेखी घ्यावं.

मुलांचं वय प्रवासाच्या तारखेला किती, ते बघतात. बारा वर्षं पूर्ण झाली की बहुतेक ठिकाणी मोठ्याचा दर. बारा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांच्या खोलीत राहिल्यास जेवण फुकट, अशा सवलती पुष्कळ असतात, मात्र त्यात कर आणि बोटीचं भाडं येत नाही.

खोली

पाण्यावरच्या व्हिलाची हौस मी समजू शकते. पण चालतं-पळतं लहान मूल घरात असेल तर ती घेऊ नका. डेकवरून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, बरेचदा कठडा नाही, आणि रात्री बाहेर अंधार. काही रिसॉर्ट्स ठरावीक वयाखालची मुलं तिथे ठेवूच देत नाहीत, काही तुमच्याकडून जबाबदारीचं लिहून घेतात. आई-वडील चारही दिवस फक्त पहारा करणार असतील तर त्या खोलीचा काय आनंद?

किनाऱ्यावरची व्हिला घ्या. दार उघडलं की वाळू, झाडाची सावली, आजोबांना खुर्ची, मुलांना बादली-फावडं. फारच मनात असेल तर तीन रात्री किनाऱ्यावर आणि शेवटची पाण्यावर, अशी विभागणी करून मिळते. दोन मोठे आणि दोन मुलं एका खोलीत बसतात का, जादा पलंग खरोखर लावतात की सोफ्यावर चादर टाकतात, हेही विचारून घ्या. पाच-सहा माणसांना दोन शेजारच्या खोल्या द्यायचं मान्य केलं असेल, तर ते बुकिंगच्या कागदावर आलं पाहिजे.

कागदपत्रं आणि बॅग

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि रिसॉर्टचं पक्कं बुकिंग जवळ हवं, आणि पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असलेली बरी. प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येकाचा प्रवासी अर्ज भरायचा, लहान बाळाचाही. तो अर्ज पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी हुबेहूब पानं सर्चमध्ये वर येतात, त्यांना कार्डाचा नंबर देऊ नका. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर पॅकेजच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे कंपनीने आगाऊ गोळा केलेला आयकर, वेगळा लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपून ठेवा.

आता एक अतिशय महत्त्वाची गोष्ट. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यास मनाई आहे. आपल्याकडे पर्समध्ये छोटा गणपती, बॅगेत देवाची मूर्ती सहज असते आणि आजींच्या पिशवीत तर असतेच. निघायच्या आदल्या रात्री त्यांना प्रेमाने समजावून ती देव्हाऱ्यातच राहू द्या. मद्यही नेता येत नाही, ड्यूटी फ्रीचंसुद्धा नाही. डुकराच्या मांसाचे पदार्थ नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून व्हेप आणि ई-सिगारेटही नाहीत. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

बॅगेत काय घ्यावं याची लांबलचक यादी लागत नाही. कपडे थोडेच लागतात. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे अंगरखे घ्याच, कारण विषुववृत्ताजवळचं ऊन ढगाआडूनही भाजतं आणि पाण्यात असताना कळत नाही. मुलांच्या चेहऱ्याला नीट बसणारा पाण्यातला चष्मा इथूनच न्या, तिथे त्यांच्या मापाचा मिळेलच असं नाही. शिवाय तीन चौकोनी पिनांचं प्लग-ॲडॉप्टर, ओआरएस, तापाचं औषध, डायपर, दुधाची पावडर, आणि पहिल्या संध्याकाळसाठी खाकरा-चिवडा. प्रवास विमा घ्या आणि त्यात एका बेटावरून दुसरीकडे रुग्ण हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा.

जेवण

शाकाहारी माणसं उपाशी राहत नाहीत. स्वयंपाकघरांत भारतीय आणि श्रीलंकन आचारी भरपूर असतात, बुफेवर डाळ-भात बहुतेक ठिकाणी मिळतो. तरी बुकिंग करतानाच कळवा, जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसूण-बटाट्यापर्यंत फोड करून कळवा, आणि पोहोचल्यावर मुख्य आचाऱ्याला भेटा. सकाळी विनंती केली की रात्री गरम चपात्या मिळतात, आणि त्या आनंदाने करून देतात.

खोबऱ्याच्या पदार्थांबाबत शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. नाश्त्याला ठेवलेली, ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर वाटणारी 'मस हुनी' म्हणजे ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू. श्रीलंकन पोळ सांबोळातही वाळवलेल्या ट्यूनाचा चुरा बरेचदा असतो. मासे खाणाऱ्यांनी मात्र ती मस हुनी 'रोशी' या तिथल्या पातळ पोळीबरोबर जरूर खावी. खोबरं, मिरची आणि मासा यांवर वाढलेल्या कोकणी जिभेला ती पहिल्या घासात आपली वाटते. पास्ता आणि नगेट्सच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा 'मस रिहा' म्हणजे तिथलं माशाचं कालवण मागा.

ताट हातात घेण्याआधी बुफेची एक पूर्ण फेरी मारा. वेगळ्या रेस्टॉरंटची जागा प्लॅनमध्ये असेल तर पोहोचल्या दिवशीच राखून टाका, नंतर सोयीच्या वेळा उरत नाहीत. मुलं असतील तर रात्रीची लवकरची वेळ घ्या.

पाण्यात उतरण्याआधी

स्नॉर्केलिंगला पोहता आलंच पाहिजे असं नाही, असं कुणी म्हणालं तर ते फक्त कमरेएवढ्या लगूनपुरतं खरं धरा. प्रवाळाच्या कडेला उतरायचं तर पोहता यायला हवं, किंवा लाइफ जॅकेट अंगावर आणि रिसॉर्टचा माणूस बरोबर हवा. तोंडाने श्वास घ्यायची सवय लागायला वेळ लागतो. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी जवळच्या तरणतलावात मुलांकडून, आणि स्वतःही, चष्मा आणि नळी लावून सराव करा. समुद्रात पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं की माणूस घाबरतो आणि पुन्हा उतरत नाही. तलावात तेच झालं तर उभं राहून हसता येतं.

दररोज सकाळी डायव्हिंग केंद्रावर जाऊन प्रवाह कुठल्या दिशेने आहे आणि कुठून उतरून कुठे बाहेर पडायचं ते विचारा. एकट्याने जायचं नाही. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही: ते जिवंत आहे, तुटतं, आणि पायही कापतं. पिवळसर-करड्या रंगाचा मोठा टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असला की अंगावर येतो. तो आपल्या घरट्याच्या वरचा, वर रुंद होत जाणारा भाग राखतो, म्हणून वर न जाता आडवं पोहत दूर व्हायचं. कुणी स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर पुढचे १८ ते २४ तास विमान नाही, आणि यात सीप्लेनही आलं.

सकाळी आठच्या सुमारास पाणी स्वच्छ असेल तेव्हा मुलाचा हात धरून कडेपर्यंत जा आणि पाण्यात कान बुडवून शांत तरंगा. कटकट असा बारीक आवाज येतो. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ फोडत असतात. गिळलेला चुरा पुढे त्यांच्या पोटातून पांढऱ्या भुकटीच्या धुरळ्यासारखा बाहेर पडतो, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत त्याचाच मोठा हिस्सा असतो. आधी आवाज ऐकवा, मग मासा दाखवा, मग वाळू हातात द्या. सहा वर्षांच्या मुलालाही ते कायमचं कळतं. धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात हातभर लांबीचे, पंखाचं टोक काळं असलेले शार्क फिरतात. ती पिल्लं असतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना खायला घालू नका आणि पाठलागही करू नका.

पोहू न शकणाऱ्या आजी-आजोबांना काचेच्या तळाच्या बोटीने किंवा संध्याकाळच्या डॉल्फिनच्या सफरीला नक्की न्या, तिचे वेगळे पैसे पडले तरी. बहुतेक रिसॉर्ट्समध्ये चार ते बारा वयाच्या मुलांसाठी किड्स क्लब असतो. दिवसातून दोन तास मुलांना तिथे सोडा. एक दुपार तरी काहीही न ठरवता ठेवा, भर उन्हात अकरा ते तीन सगळ्यांनीच झोपावं.

निघताना

आदल्या संध्याकाळी बिल मागवून ओळ न् ओळ वाचा. प्लॅनमधलं पेय चुकून वेगळं लागलेलं असेल तर ते रात्री शांतपणे दुरुस्त होतं, सकाळी बोट धक्क्याला लागलेली असताना नाही. १० टक्के सेवाशुल्क बिलात आलेलंच असतं, तरी खोली आवरणाऱ्याला आणि रोज चपात्या करून देणाऱ्याला वेगळी बक्षिसी द्यावीशी वाटली तर हातात द्या. सुटे डॉलर इथूनच नेलेले बरे.

आणि बॅगा बंद करण्याआधी मुलांचे खिसे तपासा. प्रवाळाचे तुकडे, शिंपले आणि किनाऱ्यावरची वाळू देशाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसतं. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे चार दिवस जमवलेला खजिना शेवटच्या क्षणी रडारड करून सोडावा लागणार नाही. जमवा, रांगोळीसारखा मांडा, फोटो काढा, आणि नाश्त्याला जाताना पुन्हा वाळूत टाका.